दोन ट्रान्सफॉर्मर पॅरलल चालवायचे का? आधी मधले सहा व्होल्ट बघा

तासगाव भागातल्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधली गोष्ट. मार्चचा महिना, बाहेर ऊन, आत गाड्या खाली होतायत, आणि मालकांनी नवीन दोन चेंबर बांधलेले. जुना ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर होताच (केव्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मर किती लोड पेलतो त्याचं माप), त्यात त्यांना ३१५ केव्हीएचा एक वापरलेला पण चांगल्या स्थितीतला ट्रान्सफॉर्मर मिळाला. मला फोन आला, "साहेब, ५०० आन् ३१५, दोन्ही पॅरलल मारूया की, ८१५ झालं." हिशोब ऐकायला बरोबर वाटतो. मी गेलो तोवर त्यांच्या वायरमननं केबल पॅनेलपर्यंत आणून ब्रेकरला जोडून ठेवलेल्या, फक्त नवीन ब्रेकर ऑन करायचा बाकी होता. मी दोन्ही ट्रान्सफॉर्मर चार्ज ठेवून त्या उघड्या ब्रेकरच्या वरच्या आणि खालच्या आर फेजमध्ये (तीन फेजना आम्ही आर, वाय, बी म्हणतो) मीटर लावला. सहा व्होल्ट.

वायरमन म्हणाला, "सहा व्होल्ट म्हंजी शून्यच की साहेब."

त्या सहा व्होल्टांनी किती करंट फिरला असता ते पुढं सांगतोच, पण त्या दिवशी ब्रेकर ऑन केला नाही आणि मालकांना समोर बसवून जे समजावलं तेच इथं लिहितोय. कारण हा प्रश्न आता सारखा येतो. कोल्ड स्टोरेजवाले विचारतात, एमआयडीसीतले छोटे कारखानदार विचारतात, हॉस्पिटलवाले विचारतात, ईव्ही चार्जर लावायला निघालेल्या सोसायट्यापण विचारतात. (सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर बहुतेक ठिकाणी महावितरणच्या ताब्यात असतो, तिथं निर्णय त्यांचा. इथं लिहितोय ते मुख्यतः एचटी, म्हणजे हजारो व्होल्टचं कनेक्शन असणाऱ्यांसाठी, ज्यांचा ट्रान्सफॉर्मर स्वतःचा असतो.)

## पॅरलल म्हणजे नक्की काय

ट्रान्सफॉर्मर, म्हणजे गावाकडं आपण ज्याला डीपी म्हणतो आणि महावितरणच्या कागदावर रोहित्र लिहितात तो, ११ हजार किंवा २२ हजार व्होल्ट घेतो आणि ४३३ व्होल्ट देतो. वरची बाजू एचटी, खालची एलटी. दोन ट्रान्सफॉर्मरची एचटी बाजू एकाच लाईनवर आणि एलटी बाजू एकाच बसबारवर, म्हणजे पॅनेलमधल्या त्या तांब्याच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर, एकाच वेळी जोडली की ते पॅरलल झाले.

गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या आहेत असं समजा. दोन्हीतून पाईप खाली आलेत आणि खाली एकाच मोठ्या पाईपला जोडलेत, त्यावरून घरातले सगळे नळ. टाकीतल्या पाण्याची पातळी म्हणजे व्होल्टेज. टाकीतून खाली येणारा पाईप किती अरुंद, किती अडवणारा, ते म्हणजे इम्पिडन्स. नळ म्हणजे तुमचा लोड. आता नुसत्या दोन टाक्या आहेत म्हणून दोन्हीतून सारखं पाणी येईल का? नाही येणार. ज्या टाकीची पातळी वर आणि पाईप रुंद तिच्यातून जास्त येणार, आणि दुसरी टाकी मोठी आहे का लहान याच्याशी पाण्याला काही देणंघेणं नसतं. पॅरलल ट्रान्सफॉर्मरची निम्मी गोष्ट एवढीच आहे.

## सहा व्होल्टांचा हिशोब

आता नळ सगळे बंद, पण एका टाकीची पातळी दुसरीपेक्षा चार बोटं वर. पाणी कुठं जाईल? वरच्या टाकीतून खाली येऊन उलटं दुसऱ्या टाकीत चढेल. टाकीत पाणी सारखं झालं की ते थांबतं, ट्रान्सफॉर्मरमध्ये थांबत नाही कारण महावितरणची लाईन वरून ती पातळी सतत तशीच राखून ठेवत असते. एकातून निघून दुसऱ्यात जाणारा, कुणाच्याही कामाला न येणारा हा करंट म्हणजे सर्क्युलेटिंग करंट.

त्या कोल्ड स्टोरेजमध्ये फरक कशानं होता? टॅपनं. ट्रान्सफॉर्मरवर एक टॅप स्विच असतो, लाईनचं व्होल्टेज कमी-जास्त असेल तर तो फिरवून एलटीचं व्होल्टेज जुळवायचं, साधारण अडीच-अडीच टक्क्यांच्या पायऱ्या असतात. ५०० चा एका पायरीवर होता, ३१५ चा ज्या जागेवरून आला तिथल्या हिशोबानं दुसऱ्या पायरीवर. फेज ते न्यूट्रल २५० व्होल्टचे अडीच टक्के म्हणजे सव्वासहा व्होल्ट. मीटरवर दिसले ते हेच.

आता दोन्हीच्या नेमप्लेट बघा. ५०० वर इम्पिडन्स ५ टक्के, ३१५ वर ४ टक्के. त्यावरून दोन्हीचा मिळून अडथळा निघतो एका ओहमच्या शंभर भागांपैकी चार भागांच्या जरासा वर, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. सव्वासहा व्होल्ट भागिले ०.०४२५ ओहम, उत्तर १४७ अँपिअर. ३१५ केव्हीएचा फुल लोड करंट ४२० अँपिअर असतो, म्हणजे एकही कॉम्प्रेसर चालू नसताना त्या ट्रान्सफॉर्मरची ३५ टक्के ताकद नुसती गरगर फिरण्यात गेली असती, रात्रंदिवस, वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) तापवत, आणि त्या तापण्याचं बिल एचटी मीटरवर मालकांच्याच नावावर. वायरमनची चूक नाही म्हणत मी, घरातल्या बोर्डावर सहा व्होल्ट म्हणजे खरंच काही नसतं. इथं मात्र पाईप इतका रुंद आहे की पातळीतला थोडासा फरकपण पुरतो.

उपाय सोपा होता, ट्रान्सफॉर्मर पूर्ण बंद करून टॅप जुळवला. (असल्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप चालू असताना कधीही फिरवायचा नाही, तो ऑफ सर्किट असतो, चालू लोडवर फिरवला तर आत आर्क होऊन ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.) परत मीटर लावला, एक व्होल्टच्या आत.

## मग ८१५ मिळाले का? नाही, ७१५

टॅप जुळला तरी दुसरा प्रश्न उरतोच, लोड वाटून कसा जाणार. इथं इम्पिडन्सची टक्केवारी नीट समजून घ्या, एकदा समजली की पुढचं सगळं सोपं जातं. नेमप्लेटवर ५ टक्के लिहिलंय याचा अर्थ, ट्रान्सफॉर्मरची एलटी बाजू शॉर्ट करून ठेवली तर एचटीला फक्त ५ टक्के व्होल्टेज दिलं तरी फुल लोड करंट वाहायला लागतो. टक्के कमी म्हणजे पाईप रुंद.

लोड वाटताना प्रत्येकाचा केव्हीए भागिले त्याचा टक्का, या प्रमाणात वाटला जातो. ५०० भागिले ५ म्हणजे १००. ३१५ भागिले ४ म्हणजे पावणेएकोणऐंशी. म्हणजे पावणेएकशेएकोणऐंशी वाट्यांपैकी १०० मोठ्याचे, बाकीचे लहान्याचे. लोड ७०० केव्हीए असेल तर लहान्यावर ३०८ पडतात, म्हणजे तो गच्च भरला, आणि मोठ्यावर ३९२, तो अजून शंभराला मोकळा बसलाय. लोड ७१५ च्या पुढं गेला की लहाना ओव्हरलोड. कागदावर ८१५ दिसतात, वापरायला मिळतात ७१५. बैलजोडीत दांडगा बैल मागं रेलून चालतोय आणि खोंडाच्या मानेवर जू चढलंय, तसं.

म्हणून नियम असा सांगतात की इम्पिडन्सचा टक्का दोन्हीचा जवळपास सारखा पाहिजे, फरक दहाएक टक्क्यांच्या आत, म्हणजे एकाचा ५ असेल तर दुसरा साधारण साडेचार ते साडेपाचमध्ये. आणि केव्हीएमध्ये पण फार तफावत नको, एक दुसऱ्याच्या तिपटीपेक्षा मोठा तर नकोच, दुपटीच्या आत असलेलं बरं.

केबलची लांबी पण यात मोजली जाते हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एक ट्रान्सफॉर्मर पॅनेल रूमच्या भिंतीला लागून आणि दुसरा गेटजवळ साठ मीटरवर असेल तर लांबच्याचा पाईप तेवढा लांब, तो कमी लोड घेणार.

## ज्या दोन गोष्टींत माफी नाही

टॅपमध्ये, इम्पिडन्समध्ये थोडं इकडं-तिकडं चालून जातं, नुकसान होतं पण स्फोट होत नाही. दोन गोष्टी मात्र अशा आहेत की तिथं थोडं हा शब्दच नाही.

एक फेज सिक्वेन्स. आर-वाय-बी चा क्रम दोन्हीकडं तोच पाहिजे आणि आर समोर आरच आला पाहिजे. दुसरी वेक्टर ग्रुप, हा शब्द नेमप्लेटवर डीवायएन-११ असा काहीतरी लिहिलेला असतो. पहिली दोन अक्षरं वाइंडिंग कशी जोडली ते सांगतात, एचटी डेल्टा, एलटी स्टार. एन म्हणजे न्यूट्रल बाहेर काढलाय. आणि ११ म्हणजे घड्याळातले अकरा. एचटीचा काटा बारावर धरला तर एलटीचा काटा अकरावर. आपल्याकडं बहुतेक डीवायएन-११ च असतात, पण जुन्या मालात, बाहेरून आणलेल्या मशिनरीबरोबर आलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये डीवायएन-१ सापडू शकतो.

लेझीमचं पथक बघितलंय ना, सगळ्यांचा ठेका एक, वेग एक, पण एक जण दोन पावलं मागं असेल तर काय होतं, समोरच्याची लेझीम त्याच्या तोंडावर येते. डीवायएन-११ आणि डीवायएन-१ दोघंही ४३३ व्होल्टच देतात, दोघांची फ्रिक्वेन्सी ५० च, वेगवेगळं मोजलं तर मीटरवर काडीचा फरक दिसत नाही, पण एकाचा काटा अकरावर आणि दुसऱ्याचा एकवर, मधे साठ अंश. ते एकमेकांना जोडले तर दोन आर फेजमध्ये ६ नाही, पूर्ण २५० व्होल्टचा फरक येतो. या कोल्ड स्टोरेजच्या आकड्यांत तो करंट लहान ट्रान्सफॉर्मरच्या फुल लोडच्या १४ पट होतो, जवळजवळ ५,९०० अँपिअर. हा शॉर्ट सर्किटच.

म्हणून मी कितीही घाई असली तरी उघड्या ब्रेकरवर तीनही मापं घेतो, आर-आर, वाय-वाय, बी-बी, दोन्हीकडचा न्यूट्रल जोडलेला असताना. तिन्ही शून्याच्या जवळ आली तरच पुढं. एक शून्य आणि दोन ठिकाणी ४०० च्या वर आलं तर दोन फेज उलटसुलट झाल्यात. तिन्ही ठिकाणी २५० च्या आसपास आलं तर वेक्टर ग्रुप तपासा. हे माप चालू बसबारवर घ्यायचं असतं, त्यामुळं लायसन्सवाला सुपरवायझर, हातमोजे, चांगला मीटर, हे सगळं असेल तरच, आपण स्वतः बघू म्हणून कुणी हात घालू नये.

## सगळं जुळलं, तरी पॅनेलला विचारलंत का?

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथं होतं. ट्रान्सफॉर्मर जुळवण्यात सगळे गुंततात आणि ज्या पॅनेलवर ते जोडायचे त्याचा विचार राहून जातो.

बसबारजवळ शॉर्ट झालं तर किती करंट येईल? १०० भागिले इम्पिडन्सचा टक्का, तेवढ्या पट फुल लोड करंट. ५०० चा फुल लोड ६६७ अँपिअर, ५ टक्के म्हणजे वीस पट, १३.३ हजार अँपिअर, याला आमच्यात १३.३ केए म्हणतात. ३१५ चा ४२० गुणिले पंचवीस, साडेदहा केए. लाईनच्या स्वतःच्या अडथळ्यानं हे जरा कमी होतं आणि चालू असलेल्या मोटारी उलटा थोडा करंट देतात त्यानं जरा वाढतं, पण अंदाजाला हे आकडे धरायचे. वेगवेगळे असताना एका पॅनेलला जास्तीत जास्त १३.३. पॅरलल केले की दोन्हीकडून एकदम येणार, २३.८ केए.

त्या पॅनेलमधल्या आउटगोइंग एमसीसीबीवर काय लिहिलं होतं? १६ केए. एमसीसीबी म्हणजे मोठा ब्रेकर, आणि त्यावरचा हा केए म्हणजे किती मोठा शॉर्ट सर्किट करंट तो सुरक्षितपणे तोडू शकतो त्याची हद्द. १६ च्या ब्रेकरसमोर २३.८ आले तर तो ट्रिप व्हायला जाईल, आतला आर्क त्याला विझवता येणार नाही, आणि तो फुटेल. समोर माणूस उभा असेल तर त्याच्या तोंडावर. नवीन ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत हाच ब्रेकर पूर्ण सुरक्षित होता, त्याच्यात काही बिघडलेलं नाही, आपण त्याच्यासमोरचं पाणी वाढवलं.

"आमच्या ओळखीच्यांकडं कित्येक वर्षं पॅरलल चालू आहे, काही झालं नाही," असं मालक म्हणाले. बरोबर आहे, काही होणार पण नाही, ज्या दिवशी बसबारजवळ शॉर्ट होईल त्या दिवसापर्यंत. ब्रेकरची ही ताकद रोजच्या चालण्यात तपासलीच जात नाही. ती उंदीर आत शिरला, पाणी गळालं, पान्हा हातातून पडला, त्या एका क्षणाला तपासली जाते.

## बंद केलेला ट्रान्सफॉर्मर जिवंत कसा राहतो

हे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. एचटीकडून वीज दिली की एलटीला ४३३ मिळतात, आणि एलटीकडून ४३३ दिले की एचटीला ११ हजार तयार होतात. पॅरलल चालू असताना एका ट्रान्सफॉर्मरचा एचटी स्विच काढला, तर आपल्याला वाटतं तो बंद झाला. पण त्याची एलटी बाजू बसबारवर जोडलेलीच आहे, आणि बसबार दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमुळं चालूच. म्हणजे खालून वीज घेऊन तो वर ११ हजार व्होल्ट उभे करून बसलेला असतो. तेलाची गळती बघायला, बुशिंग (तारा जिथून आत जातात ते इन्सुलेटर) पुसायला वर चढणाऱ्या माणसाला स्विच उघडा दिसतो आणि तो हात घालतो.

म्हणून पॅरलल असेल तर इंटरट्रिप पाहिजेच, म्हणजे एचटी ब्रेकर ट्रिप झाला की त्याच ट्रान्सफॉर्मरचा एलटी ब्रेकर आपोआप पडला पाहिजे. बंद करताना आधी एलटी मग एचटी, चालू करताना आधी एचटी मग एलटी. आणि तरीही काम करण्याआधी तपासून, डिस्चार्ज रॉड लावून, अर्थ करूनच. इंटरट्रिपशिवाय पॅरलल चालवायला मी कधीच हो म्हणत नाही, मालक नाराज झाले तरी.

न्यूट्रलचंही एक आहे. दोन्ही ट्रान्सफॉर्मरचे न्यूट्रल अर्थ केलेले असतात, मग न्यूट्रलमधून परत जाणारा करंट दोन वाटांनी, कधी जमिनीतून आणि अर्थच्या पट्टीतूनपण फिरतो आणि अर्थ फॉल्ट रिले, म्हणजे जमिनीत गळणारा करंट ओळखून ब्रेकर पाडणारं उपकरण, गोंधळून विनाकारण ट्रिप देतो. याची सेटिंग आणि ब्रेकर तीन पोलचे का चार पोलचे (चौथा पोल न्यूट्रलपण तोडतो) हे डिझाइन करणाऱ्यानं आधीच ठरवायचं असतं, नंतर शोधत बसलं की महिना जातो.

## "पण पॅरलल असलं की बॅकअप मिळतो ना?"

हा गैरसमज फार पसरलाय. समजा लोड ५८० आहे आणि ५०० आणि ३१५ पॅरलल चालतायत. ५०० चा ट्रिप झाला. आता पूर्ण ५८० एकट्या ३१५ वर. काही वेळात तोपण पडणार, आणि सगळं कोल्ड स्टोरेज अंधारात. वेगवेगळे चालत असते तर एकाचा भाग बंद पडला असता आणि दुसऱ्याचा चालू राहिला असता. बॅकअप तेव्हाच मिळतो जेव्हा एकटा ट्रान्सफॉर्मर सगळा लोड पेलू शकतो, किंवा एक गेला की कमी महत्त्वाचा लोड आपोआप सोडायची सोय केलेली असते.

## मग पॅरलल करायचंच नाही का?

असं अजिबात नाही. मोठ्या उपकेंद्रांमध्ये ट्रान्सफॉर्मर पॅरलल चालतात, आणि लोक तेच उदाहरण देतात की "महावितरणचं चालतं मग आमचं का नाही". त्यांच्याकडं ते जुळवून घेतलेले असतात, चालू लोडवर टॅप बदलणारी यंत्रणा दोघांचे टॅप सोबत हलवते, संरक्षणाचे रिले वेगळे, ब्रेकर त्या फॉल्टला पुरतील असे. तेवढी तयारी केली तर तुमचंपण चालेल.

फायदे खरे आहेत. मोठी मोटार डीओएल (थेट लाईनवर) किंवा स्टार-डेल्टा स्टार्टरवर चालू होताना व्होल्टेज खाली बसतं, दिवे मंदावतात, कॉन्टॅक्टर सुटतात, तिथं दोन पाईप मिळून आले तर ते बसणं कमी होतं. (अर्थात एकच मोटार त्रास देत असेल तर तिला सॉफ्ट स्टार्टर नाहीतर व्हीएफडी, म्हणजे मोटार हळूहळू वेगात आणणारं उपकरण, लावणं बरंच स्वस्त पडतं.) वाइंडिंगमधला लॉसपण वाचतो, कारण तो करंटच्या वर्गानं वाढतो, लोड दोघांत निम्मा-निम्मा झाला की प्रत्येकाचा लॉस चौथाई, दोघांचा मिळून निम्मा. पण त्याचबरोबर लोखंडाचा लॉस, जो लोड असो नसो चोवीस तास चालू असतो, तो दुप्पट. समजा ट्रान्सफॉर्मर नुसता चालू ठेवायला ६०० वॅट लागतात, तर वर्षाला ५,२५६ युनिट. म्हणून भरपूर लोड सतत असेल तर दोन्ही चालवणं परवडतं, लोड हलका असेल तर एक बंद ठेवणं.

इथं मुळात बघायचा असतो तो तुमच्या लोडचा आलेख. बेदाण्याच्या स्टोरेजला माल भरायच्या दिवसांत, फेब्रुवारी ते मे, कॉम्प्रेसर दमेपर्यंत चालतात. पावसाळ्यात आणि थंडीत आत गार झालेलं नुसतं टिकवायचं असतं. त्यांची वर्षभराची बिलं काढली, मॅक्झिमम डिमांड, म्हणजे महिन्यातला सगळ्यात जास्त लोड, सीझनला ४३० केव्हीए, एरवी २०० च्या आसपास. नवीन चेंबरचे अंदाजे १५० धरले तर सीझनला ५८०. हे आकडे बघितल्यावर ८१५ का ७१५ हा वादच उरला नाही, एवढं लागणारच नव्हतं.

## दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच रेटिंगचे घेतले तर?

बरंच बरं. तरी नेमप्लेट वाचाच. स्टँडर्डमध्ये इम्पिडन्सला दहा टक्क्यांपर्यंत टॉलरन्स दिलेला असतो, ५ टक्के मागितला तर एक साडेचारचा आणि एक साडेपाचचा येऊ शकतो, दोन्ही कायदेशीर. मग लोड ५५-४५ असा वाटला जातो आणि दोघांच्या बेरजेतले ९१ टक्केच वापरता येतात. फार वाईट नाही, पण आधी माहीत पाहिजे.

आणि दोन ट्रान्सफॉर्मर दोन वेगळ्या एचटी फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या लाईनवर, असतील, तर एलटीला पॅरलल करू नका. ते फीडर वेगळ्या उपकेंद्रांतून आले असतील तर तुमच्या पॅनेलमधून एका उपकेंद्राची वीज दुसरीकडं धावायला लागेल. जनरेटरबरोबर पॅरलल हा तर वेगळाच विषय, त्याला दोन्हीचा ठेका जुळवणारं सिंक्रोनायझिंग पॅनेल लागतं.

## त्या स्टोरेजमध्ये शेवटी काय केलं

बसबार मधोमध कापून दोन भाग केले, मधे बस कपलर, म्हणजे दोन भाग जोडणारा एक ब्रेकर, जो एरवी उघडा. जुने चेंबर आणि त्यांचे कॉम्प्रेसर ५०० वर, साधारण ३८०. नवीन दोन चेंबर, ऑफिस, ग्रेडिंग लाईन ३१५ वर, साधारण २००. प्रत्येक भागाला शॉर्टचा करंट आपल्यापुरताच, एकाला १३.३ केए, दुसऱ्याला १०.५, सोळाचे एमसीसीबी जागच्या जागी राहिले. नवीन पॅनेलचा खर्च वाचला.

कपलरला कॅसल की इंटरलॉक लावला. तीन ब्रेकर, तीन कुलपं, किल्ल्या दोनच. किल्ली घातल्याशिवाय ब्रेकर ऑन होत नाही आणि ब्रेकर ऑन असताना किल्ली निघत नाही, त्यामुळं कोणत्याही वेळी तीनपैकी दोनच ऑन राहू शकतात. दोन्ही ट्रान्सफॉर्मर आणि कपलर एकदम, म्हणजे पॅरलल, कुणी मनात आणलं तरी होत नाही. एक ट्रान्सफॉर्मर गेला तर त्याची किल्ली काढून कपलरला लावायची, त्याआधी नको असलेला लोड बंद करायचा. पावसाळा लागला की ५०० चा बंद ठेवून सगळा लोड ३१५ वर चालवतात. ड्रॉईंग विद्युत निरीक्षकांकडून मंजूर करून घेतलं, तपासणी झाली, महावितरणकडं कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारात ठरलेला जास्तीत जास्त लोड) वाढवून घेतली, हे केल्याशिवाय ट्रान्सफॉर्मर वाढवता येत नाही.

वायरमननं पहिल्या दिवशी त्या दोन किल्ल्या घेऊन अर्धा तास पॅनेलसमोर काढला, तिसरा ब्रेकर कसा ऑन होतो का ते बघत. झाला नाही. मग त्यानं स्वतःच्या हातानं पॅनेलवर खडूनं लिहिलं, आधी लोड कमी, मग किल्ली. नंतर मालकांनी त्याचा पत्र्याचा बोर्ड करून घेतला.

आता ते पुढच्या दोन-तीन वर्षांत आणखी चेंबर बांधायचं म्हणतायत. तेव्हा ३१५ विकून दुसरा ५०० घ्यायचा आणि खरोखरचं पॅरलल करायचं असं ठरलंय, त्यासाठी ऑर्डरमध्ये काय लिहायचं ते मी त्यांना आत्ताच कागदावर देऊन ठेवलंय. वेक्टर ग्रुप डीवायएन-११, एचटी-एलटी व्होल्टेज आणि टॅपच्या पायऱ्या जुन्यासारख्याच, इम्पिडन्स जुन्याच्या टेस्ट सर्टिफिकेटवर प्रत्यक्ष आलेल्या आकड्याशी जुळणारा, नुसता "५ टक्के" नाही. पॅनेल ३६ केएचं, कारण दोन ५०० मिळून फॉल्ट २६.७ वर जातो. एचटी-एलटी इंटरट्रिप पहिल्या दिवसापासून. आणि चार्ज करायच्या दिवशी, उघड्या ब्रेकरवर, तिन्ही फेजची मापं लिहून सही.